शिक्षा आणि सुनावणी

गैरवर्तन करणाऱ्या विद्यार्थ्याला सरळ काढून टाकावे, त्यात विचार तो कसला, असे सभामंडपातील बैठकीत पुष्कळदा ऐकू येते. आम्ही वकील, आम्हांस आधी सुनावणी आठवते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील परीक्षामंडळाच्या खटल्यात ठरविले, की गैरप्रकारास्तव निकाल रद्द करण्यापूर्वी परीक्षार्थीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे.

पुढे १९७३ साली रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खटल्यात त्याच न्यायालयापुढे निराळा पेच आला. मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात रात्री शिरून असभ्य वर्तन केल्याचा आरोप होता. चौकशीसमितीने मुलींच्या जबान्या त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतल्या. मागाहून आरोप सांगून त्यांचा खुलासा घेतला. उलटतपासणी मिळाली नाही, तरी शिक्षा कायम झाली.

या दोन निर्णयांत आम्हांस विरोध दिसत नाही. तक्रार करणारीचे रक्षण आणि आरोपीचे म्हणणे ही दोन्ही न्यायाचीच अंगे. तिचे नाव झाकता येते. आरोप मात्र झाकता येत नाही. आपणांस शिक्षा कशासाठी झाली हे ज्यास ठाऊक नाही, तो केवळ भय शिकतो. आणि भयच शिकवावयाचे, तर विद्यापीठ कशाला हवे?