परान्न

श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम या अंकाच्या वाचकांना सांगायला नकोत. भुईवर झोप, एकवेळ हविष्यान्न, आणि परान्न वर्ज्य. बावीस वर्षं मी ते पाळले. भवानीनगरला कारखान्यात नोकरी करत होतो तेव्हा मार्गशीर्षात गाळप अगदी भरात असायचं, पण त्या सात दिवसांत कँटीनचा चहासुद्धा कधी घेतला नाही. त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान होता, हे मात्र गेल्या वर्षी कळलं.

मानेला गाठ आली. पुण्यात तुकडा काढून तपासला, तर लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. सहा केमो, दर एकवीस दिवसांनी एक. पहिला डोस सप्ताहाच्या बरोबर आठवडाभर आधी आला. त्यातलं एक औषध कुंकवाच्या पाण्यासारखं लाल. लघवीही लाल होईल, घाबरू नका, असं आधी सांगितलं होतं, तरी घाबरलोच. ज्या मळीच्या वासात पस्तीस वर्षं काढली, तो तिसऱ्या दिवशी वाऱ्यावर आला आणि पोटातलं सगळं बाहेर पडलं. मग हिच्या हातच्या फोडणीचाही वास सोसेना. ही ओट्याशी उभी राहून रडली, असं सूनबाईनं नंतर सांगितलं.

डॉक्टरांचेही नियम होते. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. तेव्हा गर्दीत जायचं नाही, उपास नाही, कच्चं दूध नाही, कापून ठेवलेलं फळ नाही. ताप 100.4 झाला तर मध्यरात्र असली तरी तडक दवाखाना. म्हणजे नेमका माझा सप्ताह!

भेटायला येणारे खूप. आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की शेजारच्या काटेवाडीच्या पवारसाहेबांचं उदाहरण ठरलेलं. 2004 साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, पुढं इतकी वर्षं काम चालू राहिलं. ऐकून खरंच धीर येतो. पण गुटख्याची सवय नडली हे ते स्वतः उघड सांगत आले, आणि मला तर सुपारीही माहीत नाही. मग येणारे हळूच पूर्वजन्मावर यायचे. त्यांना मी एवढंच विचारायचो, की रामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर झाला, रमण महर्षींना हाताचा. त्यांच्या नावावर कोणतं पाप मांडायचं? प्रारब्ध आहे, मी ते नाकारत नाही. पण ते दुसऱ्याच्या पलंगाशी बसून वाचण्याची पोथी नव्हे.

मला टोचत होतं ते वेगळंच. नियम मोडला तर महाराज कोपतील, ही भीती नव्हती. नियम गेला तर माझ्याजवळ उरतं काय, ही होती.

पुतण्या माजघरात पोथीला बसला. मी आतल्या खोलीत आडवा पडून ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी पॅनवर माझ्याबरोबर असलेला जुना मित्र पातेलं घेऊन आला. ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवलेल्या, फोडणी नाही की वास नाही. या माणसाच्या घरी सप्ताहात मी कधी पाणीही प्यायलो नव्हतो. तो नियम की आणखी काही, याचं उत्तर आता द्यायला लाज वाटते. मी नको म्हणालो. तो म्हणाला, “अप्पा, तुमचा देव दारोदार मागून खातो. तुम्हाला घ्यायला काय झालं?”

तेरावा अध्याय आठवला. पोटशूळानं गांजलेला ब्राह्मण गंगेत जीव द्यायला निघतो. श्रीगुरू त्याला बोलावून घेतात, आणि सायंदेवाला सांगतात, याला पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरतो, हा जेवून मेला तर पाप माझ्या माथी. बावीस वर्षं मी ही कथा सायंदेवाच्या बाजूनं ऐकली. पानावर बसलेल्या त्या माणसाची बाजू कधी मनात आली नव्हती. लोकांच्या घरी, लोकांच्या हातचं, तेही भीत भीत खायचं, हे काय सोपं असेल?

अवधूतांच्या चोवीस गुरूंत अजगर आहे. समोर येईल ते खातो, नाही आलं तर पडून राहतो. तो गुरू मला नेहमी जरा आळशीच वाटायचा. आता मीच तसा पडलो होतो.

म्हणून काय येईल ते सगळंच घ्यायचं? नाही. एकानं सदाफुलीच्या पानांचा रस आणला आणि केमो बंद करा म्हणाला. तो मी घेतला नाही. माझ्या डोसातलं एक औषध, व्हिनक्रिस्टिन, त्याच सदाफुलीतून निघतं. पण ते एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतकं जहाल. 1950 च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठी या झाडाची परीक्षा चालली होती, तेव्हा उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि तिथून या औषधांचा माग लागला. साखरेसाठी देवळाच्या आवारातली पानं चघळणारे आपल्यात अजून आहेत, त्यांनी जपावं.

कण्या मात्र खाल्ल्या. चार घास, मग आणखी चार. पोटात राहिल्या. परान्न खाणाऱ्याचं पुण्य अन्न देणाऱ्याकडं जातं, असं आजोबा सांगायचे. जाऊ दे म्हटलं, त्याला तरी उपयोगी पडेल.

विसाव्या दिवशी केस उशीवर आले. गाणगापूरला न जाता मुंडन झालं, म्हणून मी हसलो. ही हसली नाही.

त्या मित्राचं पातेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून ही त्यात साखर घालायला निघाली. मी म्हणालो, “राहू दे. या वेळी रिकामंच जाऊ दे.”

संध्याकाळी तो ते पुन्हा भरून घेऊन आला.