शिकण्याची पात्रता कोणाची? शाळेतील सहाय्यक गटामागचा विचार

वर्गात एखादे मूल मागे पडले की कारण बहुधा दोनच ठिकाणी शोधले जाते. मूल आळशी आहे, हट्टी आहे, ‘ढ’ आहे. नाहीतर शिक्षकाला शिकवता येत नाही. शाळेतील सहाय्यक गट तिसऱ्या शक्यतेवर उभा असतो. वर्गशिक्षक, समुपदेशक, विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ता, परिचारिका आणि पालक यांनी एकत्र बसून एका मुलाचा विचार करावा, ही त्यामागची कल्पना. शिकण्यात बुद्धीइतकाच भुकेचा, भीतीचा, घराचा आणि सोबत्यांचा वाटा असतो, हे त्यात मान्य केलेले असते. ही मान्यता वरवर साधी वाटली तरी तिच्या पोटात तीन तात्त्विक प्रश्न आहेत: शिकणारा माणूस म्हणजे नेमके काय, शिकायला पात्र कोण, आणि मदत व उपकार यांत फरक कोणता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय परंपरेत फार पूर्वीच दिलेले आढळते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो; पाणी मात्र हवे तेवढे पिण्याची मुभा देतो. त्यानंतर तो त्याला वेद म्हणायला लावतो. बारा वर्षे गुरुगृही शिकून आलेल्या त्या तरुणाला काहीच आठवत नाही. बाप त्याला जेवून यायला सांगतो आणि जेवल्यावर विचारले ते सारे त्याला म्हणता येते. मन अन्नावर पोसले जाते, हा या प्रसंगाचा निष्कर्ष. ज्ञान नाहीसे झाले नव्हते. ते धरून ठेवणारा आधार खचला होता.

त्याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील उपकोसलाची कथा याहून बोलकी आहे. उपकोसल कामलायन हा सत्यकाम जाबालाकडे बारा वर्षे राहून अग्नींची सेवा करतो. बरोबरीच्या शिष्यांची पाठवणी होते, त्याची होत नाही. या मुलाने खूप कष्ट घेतले आहेत, त्याला आता शिकवावे, असे गुरुपत्नी नवऱ्याला सुचवते. सत्यकाम न शिकवताच प्रवासाला निघून जातो. खचलेला उपकोसल अन्न सोडतो. का जेवत नाहीस, असे गुरुपत्नीच त्याला जवळ जाऊन विचारते, तेव्हा आपण आतून व्याधींनी भरून गेलो आहोत, असे तो सांगतो. मग ज्या अग्नींची त्याने निगा राखली होती, तेच त्याला विद्या देतात. पुढचा मार्ग मात्र आचार्यच सांगतील, असेही बजावतात.

शालेय साहाय्याची सगळी सूत्रे या कथेत आहेत. शिष्याची अवस्था पहिल्यांदा लक्षात येते ती न शिकवणाऱ्या व्यक्तीच्या. विचारपूस सुरू होते ती अभ्यासावरून नव्हे, जेवणावरून. मदत भोवतालातून येते, तरी शिक्षकाची जागा कोणी घेत नाही. आणि दुर्लक्ष करणारा गुरू कोण, तर ज्याला बापाचे नाव सांगता येत नसतानाही केवळ खरेपणासाठी हारिद्रुमत गौतमांनी शिष्य म्हणून स्वीकारले होते, तो सत्यकाम. चांगल्या शिक्षकाच्याही नजरेतून मूल सुटू शकते. म्हणूनच एका मुलावर एकापेक्षा अधिक नजरा हव्यात.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. वेदान्ताच्या ग्रंथांत अधिकारी कोण, म्हणजे विद्या घ्यायला योग्य कोण, याची चर्चा आरंभीच येते. मूळ विचारात त्या योग्यतेत चित्ताच्या तयारीला महत्त्व होते; समाजव्यवहारात मात्र ती जन्माला बांधली गेली. पुण्यात या बंधनावर निर्णायक घाव बसला तो १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली तेव्हा. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. ज्यांना अपात्र ठरवले होते त्यांना फक्त शाळा मिळायची बाकी होती, याचा तो लेखी पुरावा होता. १८७७ च्या दुष्काळात फुल्यांनी धनकवडीला उपासमार झालेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. शिकवणारे आणि जेवू घालणारे हात तिथे एकच होते.

जन्माची अट ढिली झाली, तरी दुसऱ्या अटी राहिल्या. पुण्यात शिकायला येणारा गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा सात घरी सात वार लावून जेवे. त्यातून अनेक मोठी माणसे घडली. पण रोज दुसऱ्याच्या उंबरठ्यावर ताटाची वाट पाहणे ही शिकण्याची किंमत असावी का, हा प्रश्न उरतोच. विद्यार्थी सहाय्यक समितीने १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा त्या प्रश्नाला एक उत्तर मिळाले: दारोदार फिरण्याऐवजी हक्काची खोली आणि ठरलेले जेवण. ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून मानसशास्त्राची जोड देऊन हुशार मुलांचा विचार केला. उत्तम बुद्धीलाही मार्गदर्शन लागते, हे त्यातून पुढे आले. डोअर स्टेप स्कूलने बांधकाम मजुरांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी वस्तीच्या दारात उभी राहणारी बसच वर्ग केली. या साऱ्यांत दिशा एकच दिसते. मुलाने शाळेला लायक व्हावे, या अपेक्षेकडून शाळेने मुलाला लायक व्हावे, या कर्तव्याकडे हा प्रवास झाला आहे.

सहाय्यक गट ही त्या प्रवासाची आजची पायरी. त्याचे काम एका नेहमीच्या उदाहरणावरून कळते. पाचवीतला मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नाही, वही अर्धी सोडतो, जोडाक्षरे उलटसुलट लिहितो आणि मधल्या सुट्टीनंतर पोट दुखते म्हणून घरी जायला मागतो. वर्गशिक्षिकेच्या नोंदीत तो ‘लक्ष नाही’ असा असतो. परिचारिका डोळे तपासायला पाठवते; नजर ठीक निघते. विशेष शिक्षिका तोंडी प्रश्न विचारते, तर उत्तरे बरोबर येतात. अडचण लिहिण्या-वाचण्यात आहे, समजण्यात नाही. समुपदेशकाला पोटदुखीचे कारण सापडते: सुट्टीनंतरच्या तासाला प्रकट वाचन असते आणि मुले हसतात. समाजकार्यकर्ती घरी जाते, तेव्हा वडिलांनी मार देऊन अभ्यास घेण्याचा उपाय चालवल्याचे कळते. एका मुलाचे पाच तुकडे पाच जणांच्या हाती होते; ते जुळल्यावर आळशी मुलगा नाहीसा होतो आणि घाबरलेला, समजदार मुलगा दिसू लागतो. त्याला तज्ज्ञ तपासणीसाठी पाठवले जाते, प्रकट वाचन काही काळ थांबते आणि वडिलांना शाळेत बोलावून शांतपणे समजावले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. घरातला मार थांबवायला असा संवादच लागतो.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो. अशा मुलाला परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक देणे हा इतरांवर अन्याय नाही का? महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ मध्ये परीक्षेच्या सवलती दिल्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत नोंदवली. तरी पालकांच्या मनात शंका राहते. तिचे उत्तर परीक्षेच्या हेतूत आहे. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो, हाताचा वेग नव्हे. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय, असे मानले तर चष्मा लावणेही गैर ठरेल.

दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा. मदतीची सवय लागली की मूल पांगळे होते, असे म्हणतात. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच चांगला गट सुरुवातीलाच मदत कधी आणि कशी कमी करायची ते ठरवतो. न संपणारी मदत उपकार होते आणि उपकार घेणाऱ्याला मान खाली घालायला लावतो. तिसरा आक्षेप दैवाचा: मुलाचे अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ, त्याला कोण काय करणार? कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे मांडला तर हा बचाव टिकत नाही. समोरच्या मुलाकडे पाठ फिरवणे हेही पाहणाऱ्याचे कर्मच आहे.

सर्वांत कठीण पेच विश्वासाचा. मूल समुपदेशकाला जे सांगते ते गुप्त राहिले पाहिजे; एरवी ते पुन्हा बोलणार नाही. पण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ चा पोक्सो कायदा ती कळवणे बंधनकारक करतो. इथे दोन धर्म समोरासमोर येतात. खोटे वचन न देणे, हाच त्यातला मार्ग: तुला धोका असेल तर मला ते सांगावे लागेल, हे मुलाला पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगितलेले असावे.

मुलाला आधार देण्याच्या शाळेच्या कर्तव्याला आता कायद्याचेही बळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने त्याआधीच, १० मार्च २०२२ च्या निर्णयाने, शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितले. १० मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उपचारांसाठी उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचार उघडकीस आल्यावर या समित्या प्रत्यक्षात आहेत की कागदावर, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. सावित्रीबाईंचे नाव घेणारी समिती कागदावर राहणे हा त्या नावाचा अपमान आहे. प्रत्येक पालकाने पुढच्या पालकसभेत दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, आणि ती शेवटची कधी भरली होती.