कवडसा

कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कवडसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भर दुपारी माजघरातल्या अंधारात कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप उतरे आणि सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढे वर्तुळ उमटे. फट कितीही वाकडीतिकडी असो, कवडसा वाटोळाच. पुढे कळले, की ते नुसते ऊन नव्हते. ते सूर्याचे चित्र होते. म्हणून तर ग्रहण लागले की तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. एक अंधारी खोली आणि तिला एक लहानसे भोक. कॅमेरा म्हणजे मुळात एवढेच.

आज हा कवडसा ज्याच्या त्याच्या खिशात आहे. मीही काही वर्षे मोबाईलवर छायाचित्रे काढीत आलो आहे. थोर असे काही नाही. चहाच्या पेल्यावरची वाफ, दोरीवर वाळत घातलेले लुगडे, पावसात चिंब झालेला एसटीचा थांबा. या छंदाने मला पुष्कळ दिले. वीस वर्षे पायांखालची असलेली शाळेची वाट मला नव्याने दिसू लागली. आणि ज्याला असे सौंदर्य दिसते त्याचे मनही निर्मळ होत असले पाहिजे, अशी एक गोड समजूत मी करून घेतली.

या समजुतीला धक्का बसला तो आमच्या शाळेतच. प्रार्थनेपूर्वीची वेळ होती. पूर्वेच्या खिडकीच्या गजांतून वर्गात उन्हाचे लांबलचक पट्टे उतरले होते आणि त्यांच्यामधून, कमरेत वाकून, मावशी केर काढीत होत्या. मी दारातूनच छायाचित्र घेतले. ते खरोखरच चांगले आले. मोठ्या कौतुकाने मी ते त्यांना दाखवले. त्यांनी मोबाईल हात लांब करून धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, “धूळ लई झ्याक आलीया, गुरुजी. पण मी कुठं हाय ह्यात?” मग पदर तोंडाशी धरून त्या खोकल्या.

तो खोकला मी रोज ऐकत होतो. चित्रात तो नव्हता.

प्रकाशाची वाट आपल्याला बाजूने दिसत नाही. हवेतल्या कणांवर तो विखुरतो तेव्हाच ती दिसते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. म्हणजे ज्या धुळीने माझे चित्र उजळले, तीच मावशींच्या छातीत जात होती. माझे सौंदर्य आणि त्यांचे दुखणे या दोन वस्तू नव्हत्याच. एकच वस्तू दोन जागांवरून पाहिलेली होती.

१८३८ साली दागेरने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे छायाचित्र खिडकीतून घेतले. ते उमटायला काही मिनिटे लागली. रस्ता गाड्यांनी, माणसांनी गजबजलेला. पण जे जे हलत होते ते पुसले गेले. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. छायाचित्रात सापडलेल्या अगदी पहिल्या माणसांत त्याची गणना होते. त्याच्या पायांशी वाकलेला दुसराही तेथे आहे, पण अस्पष्ट. ज्याला स्वस्थ उभे राहता येते तो ठळक, आणि ज्याचे हात कामात आहेत तो पुसट! त्यात दागेरचा दोष नव्हता. त्याची काचच नव्हे, धातूची ती पत्रीच मंद होती. माझा मोबाईल तर क्षणाचाही अंश पकडतो. मग मावशी काळोख्या का आल्या? मंदपणा यंत्रात नव्हता, एवढे तर उघड आहे.

म्हणून छायाचित्रे काढूच नयेत काय? मला तसे वाटत नाही. कॅमेरा हाती नसता तर ती धूळही मला दिसली नसती, आणि मावशींचा प्रश्नही माझ्या वाट्याला आला नसता. सुंदर दिसले म्हणून माणूस थांबतो, हे चांगलेच आहे. दोष आहे तो तेवढ्यावरच थांबण्यात.

दुसऱ्या दिवसापासून केर काढण्याआधी वर्गात पाणी शिंपडायचे ठरले. बादली भरून ठेवण्याचे काम मी घेतले. मावशींनी मग आपण होऊन सांगितले, “माझा एक फोटू काढा, चांगला.” नवे लुगडे नेसून त्या शाळेच्या फळ्यापुढे ताठ उभ्या राहिल्या, हात खाली, नजर समोर. छाया नाही, खोली नाही, माझ्या आवडीचे काहीच नाही. तो फोटो आज त्यांच्या घरी देवांच्या शेजारी लावलेला आहे.

वर्गात ऊन अजूनही येते, पण त्याचे पट्टे आता दिसत नाहीत. ते नुसते जमिनीवर पडते, आणि थंडीच्या दिवसांत मुले तेवढी जागा धरून बसतात.