एंटर दाबण्याआधी

कॉम्प्युटर चालू असेल तर असू द्या, पण माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवा. पुढची पंधरा-वीस मिनिटं त्याला काम नाही. हे मनन काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांसाठी आहे. कुणी लातूरच्या ट्युशन एरियातल्या खोलीत असेल, कुणी नांदेडच्या श्यामनगरात, कुणी विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी वसतिगृहात. भिंतीवर पिरिऑडिक टेबल चिकटवलेलं असेल आणि मेसचा डबा यायला अजून वेळ असेल. जे खेळत नाहीत त्यांनीही बसावं. पाच विरुद्ध पाच, आपल्याच डोळ्यांसमोर धरलेली बंदूक आणि पडद्याच्या मधोमध एक बारीक फुली, एवढं माहीत असलं तरी पुरे.

आता डोळे मिटा आणि कीबोर्डवरची एस्केपच्या खालची कळ मनातल्या मनात दाबा. ज्यांनी कन्सोल चालू करून ठेवलाय त्यांना पुढचं ठाऊक आहे. खेळावर एक काळपट चौकोन उतरतो आणि त्याच्या तळाशी एक रिकामी ओळ उघडते. मेनूत चित्रं असतात, सरकवायच्या पट्ट्या असतात. इथे तसलं काही नाही. शब्द लिहायचा, पुढे आकडा लिहायचा आणि एंटर. शब्द चुकला तर ‘अशी आज्ञा माहीत नाही’ एवढंच उत्तर येतं, त्यात राग नाही की समजूत नाही. ही ओळ जुनी आहे. १९९६ साली इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’मध्ये ती होती. त्या इंजिनावर बेतून व्हॉल्व्हनं १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ काढला आणि १९९९ मध्ये मिन्ह ली व जेस क्लिफ या दोन कॉलेजच्या पोरांनी त्यावर काउंटर-स्ट्राइक रचला. २०२३ मध्ये इंजिन बदलून काउंटर-स्ट्राइक २ आला, तरी ‘सेन्सिटिव्हिटी’ आणि ‘बाइंड’ या आज्ञा त्याच राहिल्या. आजची बारावीची मुलं जन्मली नव्हती तेव्हाची ही भाषा आहे, आणि ती ही मुलं सराईतपणे लिहितात.

त्या रिकाम्या ओळीपाशी थांबा. काही लिहू नका. आपण इथे नेमके कधी येतो, ते आठवा.

जिंकत असताना कुणी कन्सोल उघडत नाही. लागोपाठ तीन राउंड गेले, समोरच्यानं पहिल्याच गोळीत डोकं फोडलं, टीममधलं कुणीतरी माइकवर वाट्टेल ते बोललं, की बोट आपोआप त्या कळीकडे जातं. सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करू, फुली जरा बारीक करू, बंदूक डाव्या हातात घेऊन बघू. त्या क्षणी छातीत काय चाललं होतं, ते आता पुन्हा येऊ द्या. गरम वाटेल. कानशिलं तापल्यासारखी होतील. तिथून घाई करून निघू नका. माझं मत असं की अशा वेळी लिहिलेल्या दहा आज्ञांपैकी नऊ खेळासाठी नसतात. हरल्याचं ओझं एखाद्या आकड्यावर टाकता यावं म्हणून त्या असतात. आकडा बिचारा मुकाट बदलतो.

डोळे मिटलेलेच ठेवा. आता लातूरच्या गंजगोलाईत जाऊन उभे राहा.

मधोमध, देवीच्या मंदिरापाशी. भोवती गोल बाजार, आणि त्या गोलातून १६ रस्ते फुटतात. लातूरला शिकलेल्या प्रत्येकानं यातल्या एखाद्या रस्त्यानं चुकून भलतीकडे जाऊन पाहिलेलं असतं. तिथे उभ्या उभ्या स्वतःभोवती सावकाश एक फेरी घ्या. एकेक रस्ता डोळ्यांसमोरून जाऊ द्या, सोन्याच्या पेढ्या, कापडाची दुकानं, भांडी, किराणा. फेरी पुरी झाली की उजवा हात टेबलावर ठेवा. माउस नको, नुसता तळवा.

माउस ८०० डीपीआयचा असेल तर एक इंच सरकताना तो कॉम्प्युटरला ८०० वेळा कळवतो की मी हललो. सेन्सिटिव्हिटी १ असेल तर काउंटर-स्ट्राइक यातल्या प्रत्येक निरोपाला ०.०२२ अंश वळतो. ०.०२२ हा आकडाही थेट ‘क्वेक’पासून चालत आलेला. म्हणजे एका इंचात साडेसतरा अंशांच्या थोडं वर, आणि पूर्ण फेरीला जवळपास ५२ सेंटिमीटर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपण एक हात मोजतो, त्यावर तीन-चार बोटं अजून. टेबलावर तेवढं अंतर तळव्यानं सावकाश चाला. गोलाईचे १६ रस्ते सारख्या अंतरावर आहेत असं धरलं तर एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नजर न्यायला सव्वातीन सेंटिमीटर लागतात. आता सेन्सिटिव्हिटी अडीच करा. सगळी गोलाई २१ सेंटिमीटरमध्ये मावली. एक रस्ता सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आला, अंगठ्याच्या नखाएवढा.

यात बरोबर काय आणि चूक काय, हे मला विचारू नका. पहिल्यात दंड खांद्यापासून हलतो, दुसऱ्यात मनगट. पहिल्याला टेबलावर जागा लागते, आणि तीन जणांच्या खोलीत, शेजारच्याच्या फिजिक्सच्या पुस्तकाला खेटून ठेवलेल्या कीबोर्डाच्या बाजूला, ती जागा नसते. मागून कुणी आलं तर किती चटकन वळता येतं आणि दूरच्या डोक्यावर किती अलगद थांबता येतं, या दोन गरजांची ओढाताण तुमचा खांदा, तुमचं टेबल आणि तुमचा स्वभाव मिळून मिटवतात. तळवा आता थांबवा. तो कुठे थांबला, तेही पाहा. बोटं टेबलाच्या कडेपलीकडे लोंबतायत का?

मग परदेशातल्या एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेताना आपण काय घेतो? त्याची सेन्सिटिव्हिटी, त्याची फुली, त्याच्या हातातली बंदूक पडद्यावर किती दिसावी याचे तीन आकडे. मराठवाड्यातल्या मुलाला ही सवय गेममुळे लागत नाही, आधीपासूनच असते. लातूर पॅटर्न म्हणून जे नाव राज्यभर झालं, राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांभोवती जे वाढलं, त्याचा गाभा पुन्हा पुन्हा परीक्षा घेणं आणि दर वेळी चुकलेलं शोधणं हा होता. पुढे त्याच्या कडेनं दुसरंच काही उगवलं. टॉपरचं वेळापत्रक, टॉपरच्या नोट्स, टॉपर किती वाजता उठायचा. नीटचे १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक. यात कुठे धाडस करायचं आणि कुठे रकाना कोरा सोडायचा, हे प्रत्येकाला आपापलं ठरवावं लागतं. ते मात्र कुणाच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. कॉन्फिगचंही, म्हणजे या सगळ्या आकड्यांच्या संचाचंही, तसंच. उतरवून घ्यायला हरकत नाही, सुरुवात कुठून तरी करावीच लागते. पाऊस पडला म्हणून त्याच दिवशी कुणी तिफण धरत नाही, जमीन वापशावर यावी लागते. उसना आकडा हातात मुरायलाही तसेच दिवस जातात, आणि आपण ते दिवस देत नाही. दोन सामने हरलो की दुसऱ्याचा आकडा आणतो.

फुलीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लांबी, जाडी, मधली फट, रंग. ‘डस्ट २’ या नकाशातल्या वाळूच्या रंगाच्या भिंतींवर हिरवी किंवा आकाशी फुली उठून दिसते, पिवळी बुडते. दिसेल अशी ठेवा आणि विसरून जा. फुलीकडे बघत बसलेल्याला समोरचा माणूस उशिरा दिसतो.

आता एक श्वास सावकाश सोडा आणि नजर आज्ञांच्या पहिल्या दोन अक्षरांकडे न्या. ‘सीएल’नं सुरू होणाऱ्या आज्ञा तुमच्या यंत्रापुरत्या. ‘एसव्ही’नं सुरू होणाऱ्या सर्व्हरच्या. स्पर्धेच्या सामन्यात या दुसऱ्या तुमच्यासाठी बंद असतात. पण एकट्यानं नकाशा उघडलात, तर सर्व्हरही तुम्हीच. ‘एसव्ही चीट्स १’ लिहा आणि पुढे हव्या त्या आज्ञा द्या, गोळ्या संपत नाहीत, राउंड तासभर चालतो, भिंतीतून आरपार उडता येतं. आणि ‘एसव्ही शो इम्पॅक्ट्स १’ लिहिलंत, की गोळी लागेल तिथे दोन खुणा उमटतात, एक लाल आणि एक निळी. लाल म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं गोळी जिथे गेली ती जागा. निळी म्हणजे सर्व्हरनं नोंदवलेली.

ही माझी सगळ्यांत आवडती आज्ञा. एका रिकाम्या भिंतीसमोर उभे राहा, मनातच, आणि एक-एक गोळी झाडा. घाई नाही. लाल. निळी. कधी एकावर एक बसतात, कधी बोटभर सरकतात. पळता पळता झाडली की दोघींची फारकत होते. मी पाहिलं ते एक, नोंद झाली ती दुसरी, आणि गुण नोंदीवर मिळतात. या दोन खुणांकडे रागावल्याशिवाय किती वेळ बघता येतं, ते करून बघा.

खरा सर्व्हर दूर असतो. भारतात व्हॉल्व्हचे सर्व्हर मुंबई आणि चेन्नईला आहेत. नांदेडहून तपोवन एक्सप्रेस सकाळी निघाली की मुंबईला रात्र होते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहाशे किलोमीटर जाऊन परत यायला सहा मिलिसेकंद पुरावेत. कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन परत यायच्या वेळेचा, आकडा मात्र तीस असतो, चाळीस असतो, संध्याकाळी सगळ्या गल्लीनं मोबाइलवर रील्स लावली की शंभरावर जातो. मधल्या प्रत्येक चौकात पाकिटं रांगेत उभी राहतात म्हणून. त्या रांगेला देता येईल अशी आज्ञा कुठल्याच कन्सोलमध्ये नाही. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळात ‘रेट २५०००, अपडेटरेट १०१, सीएमडीरेट १०१’ हे तीन आकडे वसतिगृहांत सीनियरकडून ज्युनियरकडे मंत्रासारखे जायचे. त्यांना अर्थ होता, पण शेजारच्या खोलीपर्यंत टाकलेल्या लॅनच्या वायरीवर, जिथे मुळात विलंबच नव्हता, तिथेही ते तितक्याच भक्तीनं लिहिले जायचे. लोडशेडिंगनं वीज गेली की मग सगळ्यांचा पिंग सारखाच.

या विलंबावर व्हॉल्व्हमध्ये एक तोडगा निघाला. यान बर्नियर यांनी २००१ मध्ये तो लिहून काढला. तुम्ही गोळी झाडल्याचा निरोप सर्व्हरला उशिरा मिळतो, तेव्हा सर्व्हर बाकीच्यांना तेवढा वेळ मागे नेतो, तुम्ही ट्रिगर दाबलात तेव्हा तुमच्या पडद्यावर समोरचा कुठे होता ते बघतो, आणि मग निकाल देतो. याचा दुसरा अर्थ असा, की तुम्ही भिंतीआड पोचलात आणि तरीही मेलात. ओरडू नका. इथेच थोडं बसा. ‘मी आडोशाला गेलो होतो’ हे खरं आहे. ‘मला तो समोर दिसत होता’ हेही खरं आहे. दोघांपैकी कुणीच लबाडी केलेली नाही, आणि सर्व्हरला एकच निकाल द्यायचाय. ज्याच्याशी अलीकडेच वाद झाला असा एखादा माणूस आठवा. वडील असतील, रूम पार्टनर असेल. त्याच्या पडद्यावर त्या वेळी काय दिसत असेल, तेवढं बघा. त्याला बरोबर ठरवायची गरज नाही.

अजून एक आज्ञा उरली, ‘बाइंड’. एखादी क्रिया एखाद्या कळीला बांधणं. इथपर्यंत ठीक. पण एकाच कळीला उडी आणि ग्रेनेड फेकणं दोन्ही बांधलं, की दोन बोटांचं जे टायमिंग सरावानं येतं ते कळच करून टाकते. उजवी-डावी चाल अचूक तोडून देणारे कीबोर्डही निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हनं आपल्या सर्व्हरवर असल्या कीबोर्डांना मज्जाव केला आणि एकाहून अधिक हालचाली एका कळीत बांधणाऱ्या आज्ञाही मोडीत काढल्या. पुष्कळजण चिडले, वर्षानुवर्षांची सवय गेली. मला निर्णय पटला. खेळ आपल्या हाताला जुळवून घेणं आणि हाताचं काम दुसऱ्याकडून करवून घेणं, यातली रेघ पुसट असते. पण ती कुणीतरी कुठेतरी ओढावीच लागते. तुमच्या आज्ञांमध्ये त्या रेघेच्या पलीकडे गेलेली एखादी आहे का? कुणाला सांगायचं नाही. स्वतःपुरतं शोधा.

डोळे उघडा आणि आता माउसवर हात ठेवा. ऑटोएक्झेक नावाची फाइल असेल, गेम सुरू होताना जिच्यातल्या आज्ञा वाचल्या जातात, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. नसेल तर कोरी फाइल चालेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन तिरक्या रेघा मारा. त्यांच्यापुढचा मजकूर गेम वाचत नाही, तो तुमच्यासाठी. तिथे ही आज्ञा का आहे ते मराठीत लिहा. ‘टेबल लहान आहे म्हणून.’ ‘भिंत पिवळी आहे म्हणून.’ ‘अमक्याची बघून घेतली.’ ‘हरलो होतो.’ खरं तेच लिहा, फाइल कुणी तपासणार नाही. शेवटच्या दोन प्रकारांतल्या ओळींच्या सुरुवातीलाच त्या रेघा मारा, म्हणजे ओळ राहील पण चालणार नाही. सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र आता या टेस्ट सिरीजचे पेपर संपेपर्यंत हलवायचा नाही. फाइल सेव्ह करा. डबा आला असेल तर आधी जेवून घ्या, मेसची भाजी गार झाली की घशाखाली उतरत नाही.