बोटाने गार्ड काढला!

इंग्रजी व्याकरणात पार्टिसिपल नावाचं एक प्रकरण आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या आम्हा लोकांनी ते घोकून पाठ केलं. पण त्याचा खरा स्वभाव कळायला मला चिंचवडात घर करावं लागलं. इथे इंग्रजी येणाऱ्या माणसाची अवस्था लग्नाला गेलेल्या दाताच्या डॉक्टरासारखी असते. कोणीही येतो आणि 'काका, जरा बघता का?' म्हणत कारखान्याचा कागद पुढे करतो.

पार्टिसिपलची मौज अशी, की त्यात क्रिया असते, पण 'म्हणून', 'तरी', 'नंतर' यांपैकी एकही शब्द नसतो. तो वाचणाऱ्याने पदरचा घालायचा. आपलं 'करून, जाऊन'ही त्याच भाऊबंदकीतलं. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. आता 'दोन महिने लढून फिरंगोजीने किल्ला दिला' यातल्या 'लढून'चा अर्थ काय? लढल्यावर? की लढूनसुद्धा? खानाचा मुनशी आणि आपला शाहीर, दोघांनाही हे वाक्य बिनतक्रार चालेल!

परवा त्याच चाकणकडचा एक कागद आला. प्रेसवरच्या एका पोराचं बोट चेचलं होतं. अहवालात लिहिलं होतं, 'रिमूव्हिंग द गार्ड, द फिंगर वॉज क्रश्ड.' नियम असा, की मुख्य वाक्याचा जो कर्ता, तोच पार्टिसिपलचा. म्हणजे, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेला तो गार्ड काढला कोणी? तर बोटाने!

मी हसलो. पोरगा हसला नाही. "काका, गार्ड महिनाभर आधीच काढून ठेवलेला. माल भराभर निघावा म्हणून."

यंत्र चालू असताना गार्ड जागेवर हवा, हे कायद्याने 1948 सालीच सांगितलं आणि ते पाहण्याचं काम कामगाराच्या बोटावर सोपवलं नाही. पण त्या वाक्यात मालक नाही, सुपरवायझर नाही, महिनाही नाही. पुस्तकं असल्या लोंबत्या पार्टिसिपलला निष्काळजीपणाची चूक म्हणतात. मला ती फारच काळजीपूर्वक केलेली वाटली.

कागदावर त्याची सही हवी होती. सहीच्या आधी मी त्याला मराठीत एक ओळ लिहायला लावली : 'मी कामाला लागलो तेव्हा गार्ड नव्हता.' अक्षर वाकडंतिकडं आलं. उजवा हात बँडेजात होता.