हिशेब उघडा, चेहरा झाकलेला



काही आठवड्यांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. एका सेवाभावी क्लबने त्याला सदस्य होण्याचे आमंत्रण दिले होते. नेत्रतपासणी शिबिर, रक्तदान, शाळेतल्या मुलांना वह्या-दप्तरे, हिवाळ्यात ब्लँकेट आणि या सगळ्याच्या खर्चासाठी वर्षातून एकदा तिकिटे लावून गाण्याचा कार्यक्रम, अशी त्या क्लबची कामे. तो म्हणाला, “फादर, काम चांगलं आहे. पण प्रत्येक वाटपाला बॅनर लागतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नावं येतात. प्रभूनं तर सांगितलंय की उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. मग मी तिथं जावं की नाही?”

मी खेड्यावरच्या मिस्सेसाठी निघालो होतो. मोटारसायकलला किक मारता मारता सांगून टाकले, “जा, चांगल्या कामाला नाही म्हणू नये.” वाटेत मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. त्याचा प्रश्न क्लबपुरता नव्हता. आपण चर्चमध्ये जे देतो, गोळा करतो आणि वाटतो, त्यालाही तो लागू होता. म्हणून आज या पानावर त्याला नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

या क्लबांचा जन्म काही संतांच्या ध्यानातून झालेला नाही. १९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या ओळखीच्या तीन व्यावसायिकांना एकत्र बसवले. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, म्हणून नाव पडले रोटरी. मैत्री वाढावी आणि एकमेकांच्या धंद्यालाही मदत व्हावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. दोन वर्षांनी त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून खटपट केली आणि सेवेची वाट सुरू झाली. लायन्सची कथाही अशीच आहे. १९१७ साली त्याच शहरातल्या मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने आपल्या व्यापारी मित्रांना विचारले, की जी हुशारी आपण धंद्यात वापरतो ती गावासाठी का वापरू नये? १९२५ साली हेलन केलर या अंध आणि कर्णबधिर विदुषीने त्यांच्या अधिवेशनात उभे राहून अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. आज गावोगाव लायन्सची नेत्रशिबिरे होतात, त्यांचे मूळ त्या भाषणात आहे.

जुन्या पिढीला कदाचित ठाऊक असेल, की ख्रिस्तसभा एकेकाळी अशा क्लबांकडे साशंक नजरेने पाहत असे. १९५१ च्या सुमारास रोमहून धर्मगुरूंना रोटरीचे सदस्यत्व घेण्यास मनाई झाली होती. पुढे वारे बदलले. १९७९ साली रोमला भरलेल्या रोटरीच्या अधिवेशनात पोप दुसरे जॉन पॉल स्वतः बोलले आणि २०१६ च्या करुणावर्षात पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत संत पेत्राच्या चौकात रोटरी सदस्यांचा खास मेळावा झाला. तेव्हा माझ्या तरुण मित्राने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पण त्याची शंका त्यामुळे मिटत नाही.

शंका शुभवर्तमानातलीच आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आधी सांगतो, की तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडू द्या की तुमची चांगली कामे पाहून त्यांनी स्वर्गातल्या पित्याचे गुणगान करावे. थोडे पुढे गेल्यावर तोच सांगतो, की दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका. मग काम दाखवायचे की लपवायचे? संत ऑगस्टीन यांनी या दोन्ही वचनांवर विचार केला आहे. त्यांच्या मते काम लोकांना दिसणे हा दोष नाही. लोकांनी आपल्याला पाहावे एवढ्यासाठीच काम करणे हा दोष आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. कोणत्याही कृतीची नैतिकता तीन बाजूंनी तपासायची. काय केले, कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत, कशा रीतीने केले? तिन्ही बाजू चांगल्या असतील तरच कृती पूर्ण चांगली. तेव्हा हे परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ कळला तो फार पुढे, एका म्हातारीमुळे.

मी तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी होतो. आमच्या चर्चजवळ एक आजी राहत. आयुष्यभर कापूस वेचून हातांची सालटी निघालेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका संस्थेने शिबिर घेतले, गाडीने दवाखान्यात नेले, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया फुकट करून दिली. काम चोख झाले. चार दिवसांनी पेपरात फोटो आला. आजी हात जोडून उभ्या, डोळ्यावर हिरवी पट्टी, समोर काळा चष्मा देणारे पाहुणे आणि खाली ओळ: निराधार वृद्धेला दृष्टी. आजी निराधार नव्हत्या. त्यांचा मुलगा रोजमजुरी करून त्यांना सांभाळत होता. पानठेल्यावर लोकांनी त्याला विचारले, “काय रे, मायले पोसत नाहीस का?”

मी भेटायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “डोयाले चांगलं दिसते जी आता. देव त्याइचं भलं करो. पण निराधार कायले लिवलं? माया पोरगा हाय ना.” पुढच्या वर्षी शिबिर आले तेव्हा आजी गेल्या नाहीत. मुलाने जाऊ दिले नाही आणि त्यांचीही इच्छा नव्हती. डावा डोळा तसाच राहिला. अखेर बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना एसटीने सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. केसपेपरचे पैसे मी काढले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पदराची गाठ सोडून स्वतः पैसे दिले.

आता तीन बाजूंनी पाहा. काय केले? आंधळ्या डोळ्याला दृष्टी दिली. ते चांगलेच. कशासाठी केले? कोणाच्या मनात करुणा असेल, कोणाला नाव हवे असेल, बहुतेकांच्या मनात दोन्ही असेल. नावाची हौस देणाऱ्याच्या पुण्याला कीड लावते, पण त्याने म्हातारीच्या डोळ्याचे काही बिघडत नाही. तो हिशेब देणाऱ्याचा आणि देवाचा. आपण त्यात न्यायाधीश होऊ नये. पण तिसरी बाजू वेगळी आहे. ज्या रीतीने दिले त्या रीतीचा घाव घेणाऱ्यावर बसतो. त्या फोटोने एका मुलाची मान खाली गेली आणि एक डोळा कित्येक महिने अंधारात राहिला. इथे मात्र ‘हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरत नाही.

बंधुभगिनींनो, हे लिहिताना मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे असताना देणगीदारांना दर वर्षी अहवाल जायचा. अहवालात फोटो लागायचे. एका मुलाला मी उभे केले. त्याने विचारले, “फादर, नवा शर्ट घालून येऊ?” मी म्हणालो, “नको, जुनाच राहू दे.” त्याने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. पैसे आले, त्या पैशांत त्याचेही शिक्षण झाले. पण एका लेकराला त्याची गरिबी अंगावर घालून उभे करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? पापनिवेदनात हे मी सांगितले आहे. तुम्हालाही सांगणे योग्य वाटले.

मग दान नेहमी अंधारातच द्यावे का? संत निकोलस यांच्याबद्दल परंपरा सांगते, की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्या घराची लाज राखली. पण शिबिराला गुप्तता चालत नाही. लोकांना कळलेच नाही तर लोक येणार कसे? आणि पैसा दहा जणांचा असेल तर तो कुठे गेला, हे त्या दहा जणांना कळलेच पाहिजे.

या बाबतीत संत पौलाकडून शिकण्यासारखे खूप आहे. जेरुसलेमच्या गरीब बांधवांसाठी त्याने मोठी वर्गणी जमवली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांना कळवले. मासेदोनियातील गरीब मंडळ्यांनी किती मनापासून दिले, हेही त्यांना ऐकवले. म्हणजे थोडी चुरस लावायलाही तो कचरला नाही. पण पैसे पोहोचवायची वेळ आली तेव्हा तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही दिला. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये आणि देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा, असा त्याचा आग्रह होता.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. तिच्या सभेत झाकलेली पिशवी फिरते. कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही, पण एकूण किती जमले ते वहीत लिहिले जाते. सदस्य गरिबाला मंचावर बोलावत नाहीत, त्याच्या घरी जाऊन बसतात. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र खराटा आणि गाडगे घेऊनच फिरले.

आणि क्लबांच्याच कामातले सर्वात सुंदर उदाहरण तर आपण सर्वांनी पाहिले आहे. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ हटवण्याची मोहीम हाती घेतली. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो स्वयंसेवक त्यात होते. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या बूथवरही बॅनर होतेच. पण डॉक्टरांचे मूल आणि कोलाम पोडावरचे मूल एकाच रांगेत होते, दोघांना तेच दोन थेंब, दोघांच्या डाव्या करंगळीवर तीच शाईची खूण. घेणाऱ्याला कोणी गरीब म्हटले नाही, म्हणून कोणाला लाज वाटली नाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. आपला यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेला. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने इथे वीसहून अधिक माणसे गेली. अशा घरातल्या विधवेला शिलाई मशीन देणे चांगले आहे. पण तिच्या नवऱ्याला कर्ज का झाले, कापसाला भाव का मिळाला नाही, फवारताना त्याच्या तोंडावर साधा मास्क का नव्हता, हे प्रश्न मशीनबरोबर संपत नाहीत. जे न्यायाने तिचे आहे ते दान म्हणून देऊन आपण मोठे होत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘देव प्रीती आहे’ या विश्वपत्रात बजावले आहे, की देणाऱ्याने स्वतःलाही त्या दानात द्यावे, नाहीतर दान घेणाऱ्याचा अपमान करते. स्वतःला देणे म्हणजे तिच्याबरोबर तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहणे. तिथे फोटो काढायला कोणी येत नाही.

तेव्हा माझ्या तरुण मित्रा, क्लबमध्ये जा. तिकिटे वीक, शिबिरात राब. बॅनर लावायला विरोध करत बसू नकोस. पण सभेत दोन गोष्टी नम्रपणे माग. पहिली, जमलेल्या पैशांचा हिशेब सर्वांसमोर मांडला जावा. दुसरी, घेणाऱ्याचा चेहरा आणि नाव त्याच्या मनापासूनच्या संमतीशिवाय छापले जाऊ नये. आणि ऑपरेशनसाठी टेबलावर झोपलेल्या माणसाची संमती ही मोकळी संमती नसते, हेही सांग. कदाचित कोणी हसेल, कदाचित एखादा देणगीदार नाराज होईल. तेवढी किंमत मोजावी लागेल.

ती किंमत आपणही मोजू या. या नाताळात आपल्या चर्चतर्फे जी ब्लँकेट वाटली जातील त्यांचा एकही फोटो निघणार नाही. ती मंचावरून न देता दोघा-दोघांनी घरी जाऊन द्यायची आहेत. किती रुपये जमले आणि किती ब्लँकेट घेतली, तो कागद चर्चच्या दारातल्या फलकावर लागेल. कोणालाही तो वाचता येईल आणि मला जाब विचारता येईल. देणाऱ्यांची नावे त्यावर नसतील, घेणाऱ्यांचीही नसतील. यामुळे पुढच्या वर्षी वर्गणी थोडी कमी झाली तर मी तक्रार करणार नाही.

त्या आजी आता हयात नाहीत. दवाखान्यातून परतताना एसटीच्या खिडकीतून त्या रस्त्यावरच्या पाट्या, शेते, बैल असे एकेक मला बोट दाखवून सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी केसपेपरचे पैसे स्वतः दिले होते, आणि डोळ्याइतकाच त्याचाही त्यांना आनंद होता.

प्रभू तुम्हा सर्वांना देण्याचे बळ आणि घेणाऱ्याचा मान राखण्याची बुद्धी देवो.

तुमचा,
धर्मगुरू