खांबाआडून

घरी पाहुणे आले की लहान मुलाची एक परीक्षा आपल्याकडे ठरलेलीच असते. नाव सांग. काकांना नमस्कार कर. बालवाडीत शिकलेलं गाणं म्हणून दाखव. जे मूल हे सगळं धडाधड करून दाखवतं ते हुशार. जे आईच्या ओढणीमागे जातं त्याच्याविषयी त्याच्यादेखतच बोलणं सुरू होतं. माझा मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे. त्याच्या वाढीबद्दल मला आजवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वजनाचा नाही, उंचीचा नाही, दातांचाही नाही. ‘हा बोलत नाही का?’ हाच आहे.

बोलतो. घरात तर अखंड बोलतो. जेसीबीच्या हाताला एवढा जोर कुठून येतो, पाल भिंतीवरून पडत का नाही, आजीचे दात रात्री वाटीत का ठेवतात, असे त्याचे विषय असतात. पण माणूस नवं असलं, जागा नवी असली, की आधी तो कडेला उभा राहतो आणि बघतो. हे बघणं बराच वेळ चालतं. मग कधीतरी, कुणाचं लक्ष नसताना, तो आत शिरलेला असतो.

गेल्या गणपतीत गुहागरजवळच्या आमच्या गावी हे मला फार जवळून पाहायला मिळालं. आरतीला माजघर माणसांनी भरलेलं, पोरांच्या हातात झांजा, मोठ्या दिरांकडे घंटा. चुलत भावंडांनी त्याच्यापुढे झांज धरली तर त्याने मान हलवली आणि खांबाआड जाऊन उभा राहिला. तिथून त्याचा एक डोळा तेवढा दिसायचा. तो डोळा देवावर नव्हता, वाजवणाऱ्यांच्या हातांवर होता. सासूबाई म्हणाल्या, “ह्याचा बाबा अस्साच होता हो. कुणी आलं की माळ्यावर.” गौरीविसर्जनापर्यंत रोज दोन वेळा आरती झाली आणि त्याने झांजेला हात लावला नाही. पुण्याला परत आल्यावर एका दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून डोकावले, तर डब्यांची दोन झाकणं घेऊन तो वाजवत होता. ठेका बिनचूक होता. त्याचे मोठे काका शेवटच्या कडव्याला लय वाढवतात आणि मग दम लागून एक ठोका गाळतात. तो ठोकाही त्याने जागच्या जागी गाळला.

तो आरतीत नव्हता असं मग कसं म्हणायचं? मला तर वाटतं, त्या माजघरात त्याच्याइतकं लक्ष देऊन कुणीच उभं नव्हतं.

मुलांच्या चालण्याच्या बाबतीत आपण बरेच उदार असतो. ‘चालेल गं, प्रत्येकाची वेळ असते,’ असं शेजारच्या काकूही सांगतात, आणि त्या बरोबर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. म्हणजे एक मूल घरभर फिरत असताना दुसरं आणखी नऊ महिने बसून राहिलं तरी दोघंही ठीकच असतात. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. पायांना एवढी सवड देणारे आपण माणसांत मिसळण्याच्या बाबतीत मात्र पाच मिनिटं थांबायला तयार नसतो. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत मुलाने मोकळं व्हायला हवं असतं.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मनोविकारतज्ज्ञ जोडपं होतं. 1956 साली त्यांनी तान्ह्या मुलांचा एक अभ्यास हाती घेतला आणि 133 मुलांचा ती मोठी होईपर्यंत माग ठेवला. अभ्यासामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. त्या काळात मुलाचं काहीही बिघडलं की बोट आईकडे जायचं. तिने फार जवळ घेतलं असेल, नाही तर पुरेसं घेतलं नसेल. या दोघांना ते पटत नव्हतं. एकाच घरातली, एकाच आईची दोन मुलं पहिल्या काही महिन्यांतच इतकी निराळी वागतात, तर मूल काहीतरी घेऊन येत असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. भूक-झोपेचा नियमितपणा, हालचालींचा जोर, नव्या गोष्टीकडे झेपावणं किंवा मागे सरणं, सरावायला लागणारा वेळ, चिकाटी अशा नऊ बाजूंनी त्यांनी या मुलांकडे पाहिलं. त्यात साधारण शंभरातली पंधरा मुलं अशी निघाली की जी नव्याला आधी नको म्हणतात, फार आरडाओरडा न करता बाजूला होतात, आणि पुरेसा वेळ मिळाला की रुळतात. मी त्यांना हळू रुळणारी मुलं म्हणते. माझ्या घरी त्यांतलाच एक आहे.

पण मला त्यांच्या कामातली खरी भावलेली गोष्ट या वर्गवारीच्या पुढची आहे. त्यांनी न्यूयॉर्कमधल्याच पोर्तो रिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतली मुलंही पाहिली. मध्यमवर्गीय घरांत अवेळी झोपणारं मूल ही मोठी कटकट होती, आईबाप सल्ला मागायला यायचे. या कष्टकरी घरांत मुलांना ठरलेल्या वेळी झोपवण्याचा आग्रहच नव्हता, त्यामुळे तसंच मूल तिथे कुणाला अवघड वाटत नव्हतं. शाळा सुरू होऊन सकाळी उठायची वेळ आली तेव्हा ती अडचण झाली. उलट, अतिशय चळवळ्या मुलांचा त्रास याच घरांत जास्त व्हायचा, कारण खोल्या लहान, माणसं जास्त, आणि रस्ता धोक्याचा म्हणून मुलांना बाहेर सोडता येत नव्हतं. स्वभाव तोच, पण अडचण घराप्रमाणे बदलत होती. थॉमस आणि चेस यांनी म्हणून सारा भर मूल आणि भोवताल यांच्या जुळणीवर दिला. मूल अवघड आहे की जागा त्याला अपुरी आहे, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

मार्टेन द व्रीस या संशोधकाने केनियातल्या मासाई लोकांत जे पाहिलं ते तर अंगावर काटा आणणारं आहे. 1970च्या दशकातल्या दुष्काळात त्याने तिथली काही ‘सोपी’ आणि काही ‘अवघड’ तान्ही मुलं नोंदवून ठेवली होती. काही महिन्यांनी तो त्यांना शोधायला गेला तेव्हा शांत, सोप्या मुलांतली बरीचशी दगावलेली होती आणि रडून घर डोक्यावर घेणारी बहुतेक जगली होती. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यावरून नियम काढता येत नाही. तरीही आपण ज्याला गुणी म्हणतो तो गुण सगळीकडे गुणच ठरतो असं नाही, हे त्यानंतर विसरता येत नाही.

आपल्याकडे या जुळणीत आणखी एक गोष्ट येऊन बसते. माझ्या जावेची मुलगी सात वर्षांची आहे. ती दारात आलेल्या माणसाला स्वतःहून आत बोलावते, त्याचं गाव विचारते, त्याच्या पिशवीत काय आहे तेही विचारते. माझ्या मुलाने जसं असावं असं सगळ्यांना वाटतं, अगदी तशी ती आहे. आणि तिला काय ऐकावं लागतं? मुलीच्या जातीला एवढा आवाज बरा नव्हे. इकडे माझ्या मुलाला, मुलगा असून एवढा काय लाजतोस. या दोघांचे स्वभाव अदलाबदल करून दिले असते तर दोघांचंही कौतुक झालं असतं. सात आणि साडेपाच वर्षांची ही दोन मुलं आपापल्या जागी पूर्ण आहेत, आणि दोघांनाही रोज थोडं थोडं कळतंय की आपण चुकीच्या साच्यात आलो आहोत. मला याचा खरोखर राग येतो. त्यांच्यावर माया करणारी माणसंच हे बोलतात, म्हणून जास्त येतो.

स्वभाव जन्मासोबत येतो असं म्हटलं की दुसरं टोक फार जवळ असतं. ‘तो तसाच आहे, त्याला नका सांगू,’ असं म्हणून मुलाला सगळ्यातून सोडवत राहायचं. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना रंगीत लोंबती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडायला लागलं. ही मुलं मोठी होताना केगन पाहत राहिले. सगळीच काही बुजरी झाली नाहीत, बरीचशी मधल्या कुठेतरी स्थिरावली, पण अगदी बेधडक झाली अशी त्यांतली फार थोडी निघाली. आणि ज्या घरांत भीतीच्या प्रत्येक प्रसंगातून मुलाला लगेच उचलून घेतलं जायचं, तिथे ती भीती जास्त टिकली. आईबापांच्या वाट्याचं काम यातून बरंच स्पष्ट होतं. मुलाला ढकलायचं नाही आणि त्याच्या वतीने आपण नाहीही म्हणायचं नाही. रोप नव्या वाफ्यात लावल्यावर चार दिवस मान टाकतं, तेव्हा ते उपटून बघत नाहीत आणि परत जुन्या कुंडीतही नेत नाहीत, पाणी घालून थांबतात.

बालवाडीच्या ताईंनी हे मला करून दाखवलं. स्नेहसंमेलनाच्या नाचात माझा मुलगा उभा राहीना. त्यांनी त्याला घरी बसवलं नाही आणि रांगेत ओढलंही नाही. मुलांच्या काठ्या पेटीतून काढून वाटायचं आणि नंतर मोजून ठेवायचं काम त्याला दिलं. तो रोज सरावाला हजर राहिला. कुणाची काठी कुठली, कोण ती उलटी धरतं, डावीकडे वळायच्या जागी कोण उजवीकडे वळतं, सगळं त्याला पाठ झालं. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी तापाने आली नाही, तेव्हा तिच्या जागी तो काठी घेऊन जाऊन उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे ताईंचं शहाणपण. सराव चालू राहिला.

अशा ताई आपल्याकडे आकाशातून पडलेल्या नाहीत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 साली ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. मुलांना शिक्षणाची आवड नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरवली. खडू, पाटी, महागडी साधनं नसली तर शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या वापरल्या. परदेशी ग्रंथांत जुळणी म्हणून जे मांडलेलं आहे, ते कोसबाडला गुरांच्या मागे चालत चालत झालं. त्यांच्या कामाचं गरिबांसाठीचं शिक्षण म्हणून आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्यातली मुलाकडे बघण्याची रीत शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलालाही तितकीच लागू पडते. आधी मूल कुठे उभं आहे ते पाहायचं आणि तिथून सुरुवात करायची.

असं पाहायला लागल्यापासून मला माझ्या मुलाची वाढ निराळ्या जागी दिसते. दोन वर्षांपूर्वी नव्या जागी गेल्यावर तो तोंड माझ्या खांद्यात लपवायचा. पुढे तो माझा हात धरून उभा राहायला लागला, पण चेहरा समोर असायचा. आता तो हात सोडतो आणि मला सांगतो, “आई, तू जा आत, मी इथून बघतो.” उंचीच्या तक्त्यावर याची खूण होत नाही. पण कुठे उभं राहायचं हे तो आता स्वतः ठरवतो, आणि आपल्याला काय हवं ते शब्दांत सांगतो. धीटपणा आणखी कसा असतो? माझ्या ओळखीतल्या कितीतरी मोठ्या माणसांना हे साधलेलं नाही, भरल्या घरात ‘मला थोडा वेळ द्या’ असं म्हणणं.

जूनमध्ये तो पहिलीत जाईल. वर्ग मोठा असेल, बाई नव्या असतील, आणि पहिल्याच दिवशी एकेकाला पुढे बोलावून नाव विचारायची पद्धत बहुतेक शाळांत आहे. मी बाईंना आधी जाऊन भेटणार आहे. तो लाजाळू आहे, सांभाळून घ्या, असं सांगणार नाही, कारण मग वर्षभर तो त्यांना तसाच दिसेल. पहिले काही दिवस त्याला कडेच्या बाकावर, जिथून सगळा वर्ग दिसतो तिथे बसू द्या, आणि वह्या वाटायचं काम असलं तर ते त्याला द्या, एवढंच मागणार आहे. सगळ्यांची नावं त्याला त्यांच्याआधी पाठ होतील.